मदत हवी आहे : जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या थ्रॉटल आणि चोक केबल कुठून न्यायच्या?

नमस्कार मंडळी,

सोलापूरला केगावच्या पुढे आमची डाळिंबाची बाग आहे. थोरल्या मामांनी फार वर्षांपूर्वी एका बंगल्याच्या आवारातून निघालेला छोटा अमेरिकन गार्डन ट्रॅक्टर विकत घेतला होता. त्यांच्या हयातीत तो कायम चालता होता, आता माझ्याकडे आलाय. कब कॅडेट १२२, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. म्हणजे आपल्याकडे महिंद्राचा बी-२७५ ज्यांच्या भागीदारीत आला तीच कंपनी. हे मॉडेल १९६५ ते १९६७ या काळातलं. इंजिन कोहलर के-३०१, एक सिलिंडर, १२ एचपी, पेट्रोल, एअर कूल्ड. ब्लोअरच्या पत्र्यावरची प्लेट अजून वाचता येते. ओळींमधलं गवत मारायला आणि छाटणीचा काडीकचरा ट्रॉलीत भरून बांधावर न्यायला याच्यासारखं दुसरं काही नाही. मोठा ट्रॅक्टर फांद्या मोडतो, हा खालून अलगद निघून जातो.

इंजिन उत्तम आहे. कॉम्प्रेशन चांगलं, स्पार्क निळा, ऑइल जळत नाही. सगळी अडचण केबलची आहे : एक थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी, आणि दुसरी चोकची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी. मूळ दोन्ही केबल मधल्या काळात कुणीतरी डॅशजवळ कापून टाकल्या. नंतर एका फिटरने मोटरसायकलच्या ॲक्सिलरेटर केबल बसवून दिल्या, त्या आज आहेत. थ्रॉटलची केबल त्याने थेट कार्ब्युरेटरच्या दांडीला जोडली आहे. इंजिनाच्या बाजूला एक चपटा लोखंडी आर्म आहे, स्प्रिंग अडकवायची भोकं असलेला, तो नुसता लोंबतोय. लिव्हर पुढे नेला की इंजिन एकदम किंचाळतं, मागे आणला तरी लगेच खाली येत नाही. लोड आला की गळपटतं, लोड गेला की पुन्हा पळत सुटतं.

चोकचं दुखणं वेगळं आहे. एअर फिल्टर काढून समोर बसलो आणि मुलाला डॅशवरचं बटण आत ढकलायला सांगितलं. बटण पूर्ण आत गेलं, पण फुलपाखरू (कार्ब्युरेटरच्या तोंडातली ती गोल पत्री) तिरकंच राहिलं, साधारण पाव भाग बंद. क्लॅम्प आणि चोकची दांडी यांच्यामध्ये केबलची आतली तार बाहेरच्या बाजूला कमान करून वाकली होती. बोटाने दांडी ढकलली की पत्री पूर्ण उघडते, म्हणजे पत्री अडकलेली नाही. परिणाम व्हायचा तोच होतो : तापल्यावर काळा धूर, प्लग काजळीने ओला आणि आवारभर पेट्रोलचा वास.

आता प्रश्न. थ्रॉटलची केबल मुळात कुठे जोडलेली असते? चोकला नेमकी कसली केबल लागते आणि ती सोलापुरात कशी मिळवायची? आणि डॅशपासून इंजिनापर्यंत दोन्ही केबलचा रस्ता कसा ठेवायचा? या इंजिनात कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर एकाच अंगाला, अगदी शेजारी आहेत. आत्ताच्या केबलचं प्लास्टिक सायलेन्सरपाशी वितळून चिकटलंय. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको.

अमेरिकेहून केबल मागवता येईल, पण छाटणी तोंडावर आली आहे. शिवाय इथल्या मालातून, पण मूळ रचनेप्रमाणे काम व्हावं असं मनापासून वाटतं. मामांनी हा ट्रॅक्टर फार जिवापाड जपला होता. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

उत्तर (बार्शी, ट्रॅक्टर फिटर)

दादा, पहिली गोष्ट, थ्रॉटल आहे तसा असेल तर इंजिन चालू करू नका. एकदाही नाही. बाकीचं सगळं नंतर.

तुम्ही लोंबतोय म्हणता तो आर्म म्हणजे गव्हर्नरचा, इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेचा आर्म. या इंजिनात गव्हर्नर क्रँककेसच्या आत असतो, कॅमशाफ्टच्या गिअरने फिरणारी वजनं असतात. त्यांची हालचाल एका आडव्या शाफ्टने बाहेर येते आणि त्या शाफ्टवर हा आर्म आवळलेला असतो. आर्मपासून एक बारीक रॉड कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलला जातो. आर्मच्या भोकातून एक स्प्रिंग निघते ती स्पीडच्या लिव्हरला. तुमची केबल त्या स्पीडच्या लिव्हरला लागते, कार्ब्युरेटरला कधीच नाही. केबल फक्त स्प्रिंगचा ताण ठरवते. किती पेट्रोल द्यायचं ते गव्हर्नर ठरवतो. लोड आला की तो थ्रॉटल उघडतो, लोड गेला की मिटतो.

केबल थेट लावल्यावर गव्हर्नर बाजूलाच पडला. या इंजिनाची वरची मर्यादा ३६०० आरपीएम आहे. कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा आहे. गवत मारताना पाते अचानक मोकळे झाले आणि इंजिन सुटले तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पडते. कास्ट आयर्नचा ब्लॉक परत कुठून आणणार? फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) फुटले तर माणूस जातो. तुमचा मुलगा शेजारी उभा असतो म्हणून जोर देऊन सांगतोय.

आर्म, रॉड, स्प्रिंग, स्पीडचा लिव्हर यातलं काय काय जागेवर आहे ते बघून सांगा.

उत्तर (पुणे, जुन्या गाड्या दुरुस्त करतो)

बार्शीच्या काकांनी थ्रॉटलचं सांगितलंच आहे, मी केबलचं सांगतो.

मोटरसायकलची केबल पिळाच्या तारेची असते. ती फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. मोटरसायकलला चालतं, कारण कार्ब्युरेटरमधली स्प्रिंग तिला परत खेचते. तुमच्या चोकला परतीची स्प्रिंगच नाही, बटण आत ढकलल्यावर तारेनेच पत्री उघडायची असते. पिळाची तार ढकलली की वाकणारच, तुम्ही पाहिलेली कमान हीच. इथे एकसंध कडक पोलादी तारेची केबल लागते.

ती शोधायला लांब जायला नको. डिझेल जीप आणि जुन्या ट्रॅक्टरना इंजिन बंद करायला ओढायची स्टॉपर केबल असते ना, डॅशवर काळं बटण असलेली, तिच्यात बहुतेक वेळा आत एकसंध तार असते. ट्रॅक्टर स्पेअर्सच्या कुठल्याही दुकानात मिळेल. घेताना काउंटरवरच टोक वाकवून बघा, पिळाची निघाली तर परत द्या. तिचं बटण चोकला तसंच वापरता येईल. थ्रॉटलला तुमच्याकडचा मूळ लिव्हर ठेवून त्याला हीच तार जोडा.

लांबी मापताना एक सुतळी घ्या आणि केबल जिथून न्यायची तिथूनच ती फिरवून माप काढा. सरळ अंतर मोजलं तर केबल आखूड पडते आणि मग कोपऱ्यात ताणून बसवावी लागते. फार लांब ठेवून वेटोळं करणंही वाईट, प्रत्येक वळणाला घर्षण वाढतं आणि बटण जड होतं. वळण जितकं मोठं तितकं चांगलं, वीतभर गोलाईपेक्षा लहान वळण देऊ नका. केबल कापताना आतली तार आधी पूर्ण बाहेर काढा, बाहेरचं वेटोळं (तारेवरचं नळीसारखं आवरण) ग्राइंडरने कापा, तोंडाची धार कानसून टाका, मगच तार परत घाला. ती धार राहिली तर तार महिनाभरात खरवडते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून इंजिनाला हात लावलेला नाही.

पाहणी केली. गव्हर्नरचा आर्म आहे, शाफ्टवर घट्ट आहे. कार्ब्युरेटरकडे जाणारा रॉड टूलबॉक्समध्ये एका चिंधीत गुंडाळलेला सापडला, मामांच्याच हातची गाठ होती. स्पीडचा लिव्हर म्हणजे बहुधा ब्रॅकेटवरची ती गोल चकती, मध्ये नट असलेली. ती गंजून जाम झाली होती, आता डिझेलमध्ये भिजत ठेवली आहे. चकतीखालचा बुश झिजलाय, तो अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून पितळेचा करून घेतोय. स्प्रिंग मात्र नाही. दुसरी कुठली तरी चालेल का?

स्टॉपर केबल मिळाल्या, आत एकसंध तार आहे. आता रस्त्याचं सांगा. डॅशमधून इंजिनाकडे येताना मध्ये पेट्रोलची टाकी आहे. तिच्या वरून न्यायची की खालून?

उत्तर (बार्शी, ट्रॅक्टर फिटर)

स्प्रिंग कुठलीही लावू नका दादा. गव्हर्नरची स्प्रिंग मोजून बनवलेली असते. कडक लावली तर आरपीएम मर्यादेबाहेर जाते, नरम लावली तर लोड घेत नाही. ती एवढी एकच वस्तू इंजिनाचा स्पेक नंबर देऊन मागवा. कोहलरची के सिरीज तिकडे अजून लाखमोलाची मानतात, पार्ट मिळतात. तोवर बाकीचं काम उरकून घ्या.

गव्हर्नर सेट करायची रीत लिहून ठेवा. आर्मचा नट ढिला करा, काढू नका. आर्म कार्ब्युरेटरपासून दूर, जाईल तितका ओढून धरा. त्याच वेळी आडव्या शाफ्टचं टोक पकडीने घड्याळाच्या उलट दिशेला फिरेल तितकं फिरवा आणि तिथेच नट आवळा. मग आर्म हाताने हलवून बघा, थ्रॉटल पूर्ण उघड-मीट झाला पाहिजे, कुठे घासता कामा नये.

रस्ता टाकीच्या वरूनही नको आणि टाकीला टेकूनही नको. इंजिन हादरतं, केबल पत्र्यावर घासते, वर्षभरात टाकीला भोक पडतं. टाकीच्या कडेने, फ्रेमच्या वरच्या अंगाने आणा. डॅशच्या भोकात रबरी ग्रोमेट घाला. सायलेन्सरच्या बाजूने अजिबात नको, त्याच्या उलट बाजूने पुढे या आणि शेवटच्या टप्प्यात इंजिनाच्या वरून कार्ब्युरेटरकडे वळा. तिथे सायलेन्सरपासून चार बोटं तरी अंतर ठेवा. फ्लायव्हीलची जाळी आणि स्टार्टर-जनरेटरचा पट्टा, या दोन्हींपासून केबल लांब बांधा. गरम बाजूला प्लास्टिकची पट्टी वापरू नका, पत्र्याचा क्लॅम्प लावा. बॉनेट उघडून-मिटून बघा, केबल कुठे दबत नाही ना.

उत्तर (पुणे, जुन्या गाड्या दुरुस्त करतो)

क्लॅम्पबद्दल एक भर. बाहेरचं वेटोळं दोन्ही टोकांना घट्ट धरलेलं हवं, नाहीतर बटण दाबल्यावर आतल्या तारेऐवजी अख्खी केबलच सरकते. इंजिनाकडचा क्लॅम्प दांडीपासून फार लांब नको. उघडी तार जितकी जास्त, तितकी ती ढकलताना वाकणार. आणि तार क्लॅम्पमधून निघताना दांडीच्या फिरण्याच्या रेषेतच निघाली पाहिजे, तिरकी निघाली की अडकते.

चोक जोडताना बटण पूर्ण आत ठेवून, मग किंचित, दोन-एक मिलिमीटर बाहेर ओढा. पत्री हाताने पूर्ण उघडी धरा आणि त्याच स्थितीत तार आवळा. मग बटण टेकायच्या आधीच पत्री नक्की पूर्ण उघडते. थ्रॉटलची चकती आधी हाताने फिरवून बघा, ज्या बाजूला स्प्रिंग ताणली जाते ती बाजू वेगाची. तार कुठून ओढायची ते त्यावरून ठरवा. तारेच्या टोकाला झेडसारखा वाक द्यायचा तर एकदाच, एका दमात द्या. कडक तार पुन्हा पुन्हा सरळ केली की तुटते.

उत्तर (पंढरपूर)

केबलला ग्रीस भरू नका. काळ्या रानातली धूळ चिकटून त्याची लुकण होते. शिलाई मशीनचं पातळ तेल टोकातून सोडा आणि केबल रात्रभर उभी टांगून ठेवा. आत नायलॉनचं अस्तर असेल तर तेलही नको. आणि आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल येतं, मामांच्या काळातली रबरी नळी असेल तर याच वेळी बदलून टाका.

धागाकर्ता

स्प्रिंग आली, सगळं सांगितल्याप्रमाणे बसवलं. चोक आता मिटतोही पूर्ण आणि उघडतोही पूर्ण. तापल्यावरचा काळा धूर गेला. लेझर टॅकोमीटर मागून आणला, लिव्हर पूर्ण पुढे नेल्यावर ३५००च्या आसपास दाखवतो. गवतात घातल्यावर आवाज किंचित दबतो आणि लगेच सावरतो. असं या इंजिनाला चालताना मी मामांच्या हयातीनंतर प्रथमच ऐकलं.

एक शंका उरली आहे. लिव्हर पुढे ठेवला तरी दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू स्वतःहून मागे सरकतो आणि वेग उतरतो. केबल सुटलेली नाही, क्लॅम्प घट्ट आहेत.

उत्तर (बार्शी, ट्रॅक्टर फिटर)

केबल बरोबर आहे. स्प्रिंग सारखी मागे ओढते आणि इंजिन हादरतं, म्हणून चकती फिरते. चकतीच्या मधला नट त्यासाठीच आहे. बुश नवीन केलाय म्हणून नट ढिला पडला असणार. इंजिन बंद करून पाव फेरा आवळा, चालवून बघा, लागला तर अजून थोडा. लिव्हर आहे तिथे थांबला पाहिजे, पण एका बोटाने मागेही आला पाहिजे. इतका आवळू नका की वेळेला वेग उतरवताच येणार नाही. गवत मारायचं पाते जोडण्याआधी हे करून घ्या.