विद्यापीठ चार्टर शाळांवर देखरेख ठेवतं म्हणजे नक्की काय करतं?

गोवंडीची_टीचर:

नमस्कार मंडळी. मी गोवंडीला शिकवते, इमारत पालिकेची, मुलं पालिकेची पण शाळा चालवते एक संस्था, पालिकेशी करार करून. सोबत एमएड चालू आहे आणि सेमिनारला मला विषय आलाय अमेरिकेतल्या चार्टर स्कूल्सचा, त्यातही जिथे विद्यापीठ ऑथोरायझर असतं तो भाग. आत्तापर्यंत एवढं कळलं की चार्टर स्कूल म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी शाळा, चालवणारे मात्र वेगळे, आणि त्यांना ठरावीक मुदतीचा करार देणारा तो ऑथोरायझर. पहिला कायदा मिनेसोटा राज्यात १९९१ ला आला, पहिली शाळा १९९२ ला सेंट पॉलमध्ये निघाली. इथपर्यंत ठीक, पुढे माझी गाडी अडते.

विद्यापीठ म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर मुंबई विद्यापीठाचं कलिना, कॉलेजची संलग्नता आणि एलआयसी, म्हणजे कॉलेज तपासणारी समिती, येणार म्हणून आदल्या दिवशी लावलेले बोर्ड हेच येतं. तिकडे पण तसंच असतं का? विद्यापीठाचे प्रोफेसर शाळेत येऊन शिकवतात का? शाळा नीट चालली नाही तर विद्यापीठ तिला मदत करतं की बंद करतं, आणि दोन्ही एकाच ऑफिसने करायचं तर शाळेने खरं सांगायचं तरी कोणाला?

सेमिनारपुरतंच विचारत नाहीये. आमच्या शाळेचा करार पण कधीतरी संपणार, नूतनीकरण होणार किंवा नाही होणार, आणि आम्हाला फक्त "इन्स्पेक्शन आहे, फायली तयार ठेवा" एवढंच कळतं. नक्की काय बघणार हे कोणी सांगत नाही. वर्गात ४० मुलं आहेत माझ्या, त्यातली काही वाचायला आत्ता कुठे लागलीयेत, ते कोणाच्या हिशोबात येतं का हे मला मनापासून जाणून घ्यायचंय.

मुलुंडकर_मिशिगन:

ताई, मी मिशिगनमध्ये एका चार्टर शाळेच्या बोर्डावर, म्हणजे कारभार बघणाऱ्या मंडळावर, होतो, विद्यापीठच आमचं ऑथोरायझर होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रोफेसर शिकवायला येत नाहीत. विद्यापीठात या कामासाठी वेगळं ऑफिस असतं, तिथे हिशोब बघणारे, कायदा बघणारे, मुलांचे मार्क आणि प्रगती बघणारे लोक असतात. सेंट्रल मिशिगन युनिव्हर्सिटी हे काम १९९४ पासून करतेय, ग्रँड व्हॅली स्टेट पण जुनी आहे. राज्याकडून दर मुलामागे जो पैसा येतो तो आधी ऑथोरायझरकडे येतो आणि तिथून शाळेला जातो, त्यातला जास्तीत जास्त ३ टक्के भाग विद्यापीठ देखरेखीच्या खर्चासाठी ठेवू शकतं, कायद्यातच तशी मर्यादा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी पटमोजणी असते, त्या दिवशी किती मुलं हजर यावर बराचसा पैसा ठरतो, त्यामुळे त्या दिवशीची हजेरी सगळे डोळ्यात तेल घालून तपासतात.

आता रोजचं काम. शाळेचं बोर्ड विद्यापीठ नेमतं, आणि आम्ही बोर्डवाले सार्वजनिक पदावरचे म्हणून शपथ घेतो. मीटिंग सगळ्यांसाठी खुली असते, आमची संध्याकाळी शाळेच्या लायब्ररीत व्हायची, मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर बसून. विद्यापीठाची एक बाई शेवटच्या रांगेत बसायची. मत नाही, भाषण नाही, फक्त वहीत लिहायची. एकदा नव्या शिक्षकाची नेमणूक मंजूर करायला घेतली तर तिने एकच विचारलं, "फिंगरप्रिंटचा रिपोर्ट आला का?" म्हणजे माणसावर काही गुन्हा नाही ना याची तपासणी. तो आलेला नव्हता. नेमणूक तिथेच थांबली, रिपोर्ट आल्यावर पुढच्या मीटिंगला झाली. कुठला फळा घ्या, कुठलं पुस्तक लावा, यावर ती बाई कधी बोलली नाही, आणि मला वाटतं सगळा मुद्दा इथेच आहे. ऑथोरायझर शाळा चालवत नाही. काय साध्य व्हायला हवं हे करारात आधीच लिहून दिलेलं असतं, कसं साध्य करायचं ते शाळेचं. वर्षभरात कुठला कागद कधी द्यायचा याचं कॅलेंडर असतं, बजेट, ऑडिट, इमारतीची सुरक्षा, स्पेशल एज्युकेशनच्या, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांची कागदपत्रं, सगळं तारखेसकट, त्यामुळे ऐनवेळी धावपळ होत नाही.

मदत म्हणाल तर ती पण असते पण वेगळ्या जातीची. नवीन बोर्ड सभासदांना बजेट कसं वाचायचं ते शिकवतात, मुलांच्या प्रगतीचे आकडे शाळेला समजतील असे मांडून देतात, मुख्याध्यापकांच्या कार्यशाळा होतात. आमच्याकडे बऱ्याच शाळा नफा कमावणाऱ्या मॅनेजमेंट कंपन्या चालवतात, हा मिशिगनचा जुना वादाचा विषय आहे, तिथे बोर्डाने कंपनीच्या हो ला हो करू नये म्हणून चांगला ऑथोरायझर फार जागा असावा लागतो, कंपनीशी झालेला करार स्वतः वाचावा लागतो, बोर्डाचा वकील कंपनीचा माणूस नाही ना हे बघावं लागतं. ही नजर ढिली पडली की पैसा कुठे जातो हे पालकांना कळतच नाही.

परळचे_निवृत्त_अधीक्षक:

टीचर, माझी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात संलग्नतेच्या फायली सांभाळण्यात गेली, म्हणून तुमच्या एलआयसीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. एलआयसी म्हणजे स्थानिक चौकशी समिती काय बघते, जागा किती चौरस फूट, लायब्ररीत पुस्तकं किती, प्राचार्य मान्यताप्राप्त आहेत का, किती पदं भरली. हे सगळं लागतंच, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मूल वर्षाच्या सुरुवातीला कुठे होतं आणि शेवटी कुठे पोचलं, हा प्रश्न त्या फायलीत कुठे नाही. चार्टरच्या करारात तो पहिल्या पानावर असायला हवा, हा मोठा फरक.

बाकी विद्यापीठाने शाळेकडे बघणं आपल्याला काही नवीन नाही. एसएससी बोर्ड यायच्या आधी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठच घ्यायचं, विद्यापीठ १८५७ चं आणि मॅट्रिक १८५९ पासून. म्हणजे शाळांनी काय शिकवायचं यावर पिढ्यान्‌पिढ्या विद्यापीठाची छाप होती.

पण मुलुंडकरांच्या ३ टक्क्यांबद्दल माझी स्पष्ट हरकत आहे. शाळा जितक्या जास्त आणि पट जितका मोठा तितकी विद्यापीठाची वसुली जास्त, मग खराब शाळा बंद करायला हात कसा उचलणार? पहारेकऱ्याचा पगार जर चोरावरच अवलंबून असेल तर पहारा कसला, असा माझा साधा प्रश्न आहे.

मुलुंडकर_मिशिगन:

साहेब, हरकत रास्त आहे, तिकडेही हीच टीका होते. म्हणूनच बॉल स्टेट युनिव्हर्सिटीचं उदाहरण बघण्यासारखं आहे, इंडियाना राज्यातलं. २०१३ मध्ये त्यांनी एकदम सात शाळांचे करार पुढे वाढवायला नकार दिला. त्या सात शाळांकडून येणारी फी गेली तरी दिला. पण पुढे काय झालं ते पण सांगायला हवं. त्यातल्या काही शाळा दुसरा ऑथोरायझर शोधून परत उभ्या राहिल्या, काही तर खासगी शाळा झाल्या आणि व्हाउचरच्या रूपाने, म्हणजे मुलाच्या खासगी शाळेच्या फीसाठी सरकार देतं त्या मदतीतून, सरकारी पैसा घ्यायला लागल्या. एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याचं दार ठोठवायचं, हे चालू राहिलं तर कडक ऑथोरायझर असून काही उपयोग नाही, राज्याचा कायदाच तसा घट्ट लागतो.

वाशी_ते_क्वीन्स:

मी न्यूयॉर्कमध्ये शिक्षिका आहे. इथे १९९८ च्या कायद्याने स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कचे विश्वस्त ऑथोरायझर झाले, त्यांच्या वतीने हे काम बघणारी वेगळी संस्था आहे, चार्टर स्कूल्स इन्स्टिट्यूट. ताई, तुझ्या "नक्की काय बघणार" ला यांच्याकडे सरळ उत्तर आहे. पहिला करार पाच वर्षांचा. नूतनीकरणाच्या वेळी चार प्रश्न असतात आणि ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतात. शाळा शिकवण्यात यशस्वी आहे का, संस्था म्हणून धड चालते का, पैशाने भक्कम आहे का, आणि करार वाढवला तर पुढच्या काळाचे बेत झेपण्यासारखे आहेत का. बास.

आमच्या शाळेत टीम आली तेव्हा माझ्या वर्गात मागे एक जण बसला होता, त्याने माझी फाईल मागितलीच नाही. मुलं प्रश्न विचारतायत का, ज्याला येत नाहीये त्याच्यासाठी मी काय करतेय, कसं शिकवायचं यात मला कोणी मार्गदर्शन करतं का, हे बघितलं. नंतर शिक्षकांशी वेगळं बोलले, मुख्याध्यापिका बाहेर. त्यात मी मोकळेपणाने सांगितलं की इंग्लिश घरी न बोलणाऱ्या मुलांसाठी आम्हाला आणखी एक माणूस हवाय. रिपोर्ट सगळ्यांना वाचायला मिळतो. पूर्ण पाच वर्षं मिळाली नाहीत तरी कमी मुदतीचा करार मिळू शकतो, म्हणजे अमुक सुधारा मग परत बघू, थेट फाशी नाही. तू विचारलंस ना खरं कोणाला सांगायचं, तर जिथे प्रश्न आधी माहीत असतात आणि एका वाईट वर्षाने शाळा संपत नाही, तिथे लोक खरं बोलतात, हा माझा अनुभव.

सातरस्त्याचा_पालक:

सगळं वाचलं. माझी मुलगी पण अशाच शाळेत आहे, संस्था चांगली आहे, शिक्षिका जीव लावून शिकवतात, मला तक्रार नाही. पण तुम्ही सगळे शाळा बंद करण्याबद्दल एवढं सहज बोलताय की माझ्या पोटात गोळा आला. शाळा बंद झाली तर माझी मुलगी कुठे जाणार? दुसरी शाळा दोन बस बदलून, आणि बायको दुपारी आणायला कशी जाणार? आकड्यांवर शाळा जोखायची तर बरं जमणारी मुलंच घ्यायची आणि कच्ची बाहेर काढायची असं नाही का होणार? आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराला एका खासगी शाळेने दहावीचा निकाल खराब होईल म्हणून नववीतच दुसरीकडे जा सांगितलं होतं.

वाशी_ते_क्वीन्स:

दादा, तुमची भीती अगदी खरी आहे आणि इथेही पालक हेच विचारतात. कायद्याने चार्टर शाळेला प्रवेश परीक्षा घेता येत नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. पण आत आल्यावर हळूच बाहेर काढणं थांबवायला ऑथोरायझरने वर्षभर आकडे बघावे लागतात, किती मुलं मध्येच सोडून गेली, कोणाला किती वेळा सस्पेंड केलं, स्पेशल एज्युकेशनची मुलं आजूबाजूच्या शाळांच्या मानाने किती. चांगला ऑथोरायझर मार्कांइतकंच याकडे बघतो. आणि बंद करायचीच असेल तर निर्णय वेळेवर कळवणं, पालकांना लेखी पत्र, प्रत्येक मुलाचं रेकॉर्ड पुढच्या शाळेत पोचवणं, जवळपास जागा कुठे आहे ते घरोघरी सांगणं, हे पण त्याचंच काम. हे न करता नुसतं कुलूप लावणारा ऑथोरायझर मी वाईटच म्हणेन.

निकालांबद्दल पण लिहून ठेवते. स्टॅनफर्डच्या क्रेडो या संशोधन केंद्राच्या २०२३ च्या अभ्यासात चार्टरमधली मुलं साध्या सरकारी शाळांतल्या तशाच मुलांच्या मानाने सरासरीने वाचनात वर्षाला १६ दिवसांच्या शिकण्याइतकी आणि गणितात ६ दिवसांइतकी पुढे दिसली, पण ऑनलाइन चार्टर शाळांची मुलं बरीच मागे होती. म्हणजे नावात चार्टर आहे म्हणून काही होत नाही.

परळचे_निवृत्त_अधीक्षक:

आपल्याकडचं थोडं जोडतो, टीचरना सेमिनारला लागेल. मुंबई पालिकेने शाळा संस्थांच्या भागीदारीत चालवण्याचं धोरण २०१३ ला आणलं, त्याच्या आधीपासून मुक्तांगण, आकांक्षा या संस्था पालिकेच्या शाळांमध्ये काम करत होत्याच. आपल्याकडे करार देणारी पालिका आणि शेकडो शाळा स्वतः चालवणारी पण पालिकाच, तिसरा तटस्थ माणूस कोणी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा चालवणारे वेगळे आणि मानकं तपासणारे वेगळे असं म्हटलंय, त्यासाठी राज्य शालेय मानक प्राधिकरण सुचवलंय. मला वाटतं आपण चार्टरच्या वादात न पडता एवढा तुकडा जरी प्रामाणिकपणे केला तरी पुष्कळ होईल. शाळा विकण्याची गरज नाही, तपासणाऱ्याने चालवणाऱ्याच्या हाताखाली नसावं एवढंच.

गोवंडीची_टीचर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मला पुस्तकात मिळालं नसतं. ते चार प्रश्न मी तसेच सेमिनारला घेणार आहे, आणि बॉल स्टेट पण, दोन्ही बाजूंनी. एक शेवटचं विचारते अधीक्षक साहेब, आमच्या संस्थेचा पालिकेशी झालेला करार आम्हा शिक्षकांना बघायला मिळू शकतो का? मागितला तर "तो ऑफिसला आहे" एवढंच उत्तर येतं. कराराच्या कुठल्या कलमावर आम्हाला जोखणार ते तरी कळेल.

परळचे_निवृत्त_अधीक्षक:

पालिकेकडे आहे म्हणजे माहितीच्या अधिकारात मागता येतो, २००५ चा कायदा आहे. पण तुम्ही नोकरीत आहात, म्हणून आधी शाळा व्यवस्थापन समितीतून जा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत किमान ७५ टक्के पालक असतात, त्यांनी मीटिंगमध्ये कराराची प्रत आणि मूल्यमापनाचे निकष द्यावेत असा ठराव केला की तो इतिवृत्तात येतो, मग बीट ऑफिसरला, म्हणजे शाळा तपासणाऱ्या पालिकेच्या अधिकाऱ्याला, पत्र. नाहीच मिळालं तर एखाद्या पालकाने अर्ज करावा, फी फक्त १० रुपये. अर्जात "करार व त्याची सर्व परिशिष्टे" असं लिहा, निकष बहुतेक परिशिष्टातच असतात आणि नुसता करार मागितला तर ती पानं देत नाहीत.

सातरस्त्याचा_पालक:

आमच्या समितीची मीटिंग पुढच्या शनिवारी आहे. मी हाच ठराव मांडतो, मसुदा इथे टाकतो, टीचर तुम्ही आणि साहेब एकदा नजर घाला.