कोजागिरीला रोस्ट ठेवायचा का? (अपार्टमेंट ग्रुप, टिळकवाडी, बेळगाव)

३०२, दादा: नमस्कार. यंदा कोजागिरीला ऑर्केस्ट्रा नको, रोस्ट करूया. मधल्या खुर्चीत सेक्रेटरीकाका, आम्ही पोरं त्यांची खेचणार. अमेरिकन फुटबॉलवाल्या टॉम ब्रेडीचा झाला तसा.

१०१, आजोबा: खेचणार म्हंजे काय करणार रे? स्पष्ट सांग की.

३०२, दादा: ज्याचा मान करायचा त्यालाच बसवून सगळ्यांदेखत टोमणे मारायचे, आजोबा. न्यूयॉर्कच्या फ्रायर्स क्लबात कलाकार हे आपापसात करायचे. गायक-नट डीन मार्टिनचे रोस्ट १९७४ पासून दहा वर्षं अमेरिकेत एनबीसी चॅनेलवर चालले. शेवटी खुर्चीतला माणूस उठतो आणि सगळ्यांची परतफेड करतो.

४०१, काका: मुंबईत डिसेंबर २०१४ मध्ये एआयबी या कॉमेडी ग्रुपनं रणवीर सिंग आणि अर्जुन कपूरचा केला होता. पोलिसांत तक्रारी झाल्या, यूट्यूबवरचा व्हिडिओ काढून टाकावा लागला. कशाला ते.

३०२, दादा: तिथं शिव्या होत्या काका. आम्ही एकही देणार नाही.

१०१, आजोबा: नुसत्या शिवीनं काय होत नाही. पुलं इथं आरपीडी कॉलेजात शिकवायला होते, तेव्हाचे त्यांचे रावसाहेब आठवा. तोंडात शिवी, पण माणसावर जीव. म्हणून कुणाला राग येत नसे.

२०४, काकू: अगदी खरं, आजोबा. ब्रेडीचा तो कार्यक्रम मी लेकीबरोबर बघितला. ५ मे २०२४ ला नेटफ्लिक्सवर थेट होता, तीन तास. सात सुपर बोल, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या फायनल, जिंकलेला खेळाडू, स्वतःवरचं सगळं हसत ऐकत होता. त्याच्या जुन्या टीमचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांच्यावर जोक झाला तेव्हा मात्र उठला, तो जोक करणाऱ्या कॉमेडियन जेफ रॉसजवळ गेला आणि पुन्हा हे बोलू नकोस म्हणाला. घटस्फोटावरून तर किती बोलले! काही दिवसांनी त्यानंच मुलाखतीत सांगितलं, माझ्यावरचे विनोद आवडले, पण मुलांवर जो परिणाम झाला तो आवडला नाही. खुर्चीत बसायचं त्यानं कबूल केलं होतं. त्या पोरांना कुणी विचारलं? मला हे फार लागलं.

४०१, काका: रंगरूपावरूनही बोलतात. २०१६ मध्ये अभिनेत्री तनिष्ठा चटर्जी ‘कॉमेडी नाइट्स बचाओ’ या टीव्ही शोमधून त्यासाठीच उठून गेली होती. बरोबर केलं तिनं.

२०४, काकू: आणि आपल्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं आहेत तशी कानडीही आहेत. भाषेवरून एक ओळसुद्धा नको.

सेक्रेटरी: माझी हरकत नाही. पाण्याचे टँकर, पार्किंगच्या नोटिसा, मीटिंगमधलं माझं लांबलचक बोलणं, हवं तेवढं बोला. शेवटी मला दहा मिनिटं द्या म्हणजे झालं.

२०४, काकू: भावजी, तुमचा एकट्याचा होकार पुरत नाही. वहिनी समोर बसणार. धाकटा यंदा सेकंड पीयूसीला (बारावीला) आहे, त्याच्या मार्कांवरून कुणी बोललं तर ते पोर काय करेल? तो काही उठून उत्तर देणार नाही.

३०२, दादा: पटलं काकू. मार्कांवर दोन ओळी लिहिल्या होत्या, काढल्या. घरचं काहीच नाही, फक्त सोसायटीची कामं. स्क्रिप्ट आधी वहिनींना दाखवतो.

सेक्रेटरी: ती खानापूरला माहेरी गेली आहे, रविवारी येईल. तिनं वाचल्याशिवाय नोटीस बोर्डावर लावू नका.