मदत हवी आहे: लोह-प्लॅटिनम फिल्ममध्ये अणू रांगेत बसले की नाही, कसं ओळखू?

एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. कॉलेज यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, मोजमापाला नागपूर गाठावं लागतं. पुढची खेप वाया जायला नको.

ऑक्साइड चढवलेल्या सिलिकॉनवर २० नॅनोमीटरची फिल्म, लोह-प्लॅटिनम निम्मेनिम्मे. व्हॅक्यूममध्ये ५५० अंशांना तासभर अॅनीलिंग (तापवून ठेवणं). (एकदा मधेच लाइन गेली, तो अर्धकच्चा नमुनाही ठेवलाय.) लोह आणि प्लॅटिनमचे थर एकाआड एक बसले की फिल्म चुंबकीयदृष्ट्या कडक होते, एवढं कळतं. कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं चुंबकीय क्षेत्र) ८० ओर्स्टेडवरून ३५०० वर गेली, म्हणजे काहीतरी बसलंय. पण एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) २४ अंशांजवळचं ००१ शिखर, म्हणजे थर एकाआड एक बसल्याची खूण, नाहीच (००१, १११ ही अणूंच्या प्रतलांची नावं), ४१ जवळचं १११ मात्र ठसठशीत. ३३ जवळ बारीक टोक आहे, ते ११० (हीही तशीच खूण) म्हणावं तर तिथे सिलिकॉनचंही येतं, म्हणून त्यावर माझा भरवसा नाही.

क्ष-किरण कॉपर के-अल्फाचे, साधा थीटा-टू-थीटा स्कॅन (यात पृष्ठभागाला समांतर प्रतलंच दिसतात). भट्टी ६०० च्या वर जात नाही, त्यामुळे 'तापमान वाढव' हा सल्ला चालणार नाही.

बहुतेक कण १११ दिशेनेच बसले असतील तर ००१ प्रतलं तिरकी राहून या स्कॅनमध्ये दिसणारच नाहीत ना? मग नमुना साधारण ५४ अंश कलवून ००१ शोधू, की ग्रेझिंग इन्सिडन्स स्कॅन (किरण पृष्ठभागाला जवळजवळ घासून सोडायचे) पुरेल?