अनुभव धागा : कलमा पढल्यानंतरचा सोमवार

सुरंगी

मी श्रीवर्धनची, कोकणी मुसलमान. चौदा वर्षं इंग्लंडात काढली. आमच्या मशिदीत दर शनिवारी नव्याने मुसलमान झालेल्या बायकांचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या आलिमा, म्हणजे धर्म शिकलेल्या बाई, वेगळ्या. माझ्याकडे चहा, समोसे आणि वुजूच्या, म्हणजे नमाजआधी हातपाय धुण्याच्या, जागी कोरडे टॉवेल ठेवणं.

जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, नमाजनंतर कोणी कलमा पढलं, म्हणजे मुसलमान होण्याची साक्ष दिली, की काय गर्दी उसळते! बायका मिठ्या मारतात, एखादी स्वतःची ओढणी काढून देते, नवीच्या फोनमध्ये वीस नंबर जातात. मग सोमवार उजाडतो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हॅम सँडविच, घरी आईला अजून सांगितलेलं नाही, अल्हम्दु (नमाजेत म्हणायचा कुराणाचा पहिला अध्याय) पाठ होत नाही म्हणून कपाटाच्या दारावर चिकटवलेली चिठ्ठी, आणि वीसातले अठरा नंबर 'इन्शाअल्लाह, भेटू या आठवड्यात' म्हणून गप्प. झकातीचे, म्हणजे सक्तीच्या दानाचे, आठ हक्कदार कुराणात सांगितलेत, त्यात 'मुअल्लफतुल कुलूब' आहेत, म्हणजे ज्यांची मनं जोडून घ्यायची आहेत असे. आम्ही तो शब्द फक्त पैशापुरता वाचतो असं माझं मत झालंय.

तर या सोमवारांबद्दल लिहा. स्वतः त्यातून गेला असाल, शेजारी असाल, आईबाप असाल. का बदलला, बरं केलं की वाईट, ही कुस्ती इथे नको. तिला आखाडे पुष्कळ आहेत. नावंगावं टाळा.

भाजणीवाली

मी हिंदू आहे, चालेल ना? २०१६ साली लेस्टरला शिकत होते. घरात आम्ही तिघी. त्यातली एक यॉर्कशायरकडची गोरी मुलगी, त्याच हिवाळ्यात मुसलमान झालेली. तिचा पहिला रमजान आला तो नेमका जूनमध्ये. तिथे जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊला मावळतो आणि तीनच्या आत सहरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं, आटपावी लागते. म्हणजे अठरा तासांच्या वर, पाणीसुद्धा नाही. माझी आजी निर्जळी एकादशी करायची, त्यामुळे उपास मला नवा नव्हता. पण आजीच्या उपासाला अख्खं घर हळू आवाजात बोलायचं. ही बिचारी अडीच वाजता ओट्याशी उभी राहून, दिवा न लावता (आम्ही उठू नये म्हणून), थंड ओट्स खायची.

चौथ्या रात्री मला राहवलं नाही. उठले, थालीपीठ लावलं. भाजणीत काय काय असतं हे तिला इंग्रजीत सांगताना माझीच फेफे उडाली, धण्यापाशी अडकले. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, आज पहिल्यांदा चार वाजेपर्यंत भूक आठवली नाही. मग काय, आईकडून दोन किलो भाजणी मागवली. मीही एक रोजा धरून पाहिला. दुपारी वर्गात कोणीतरी बाटली पुढे केली आणि मी घटाघटा प्यायले, नंतर आठवलं.

खरा त्रास ईदच्या दिवशी झाला. सकाळी नवा ड्रेस घालून गेली आणि साडेदहाला परत. नमाज झाली, सगळी कुटुंबं आपापल्या गाड्यांत बसून घरोघरी गेली. हिला कोणी चल म्हटलं नाही. वाईट वागलं असं नाही, प्रत्येकाला वाटलं असणार की दुसऱ्याने बोलावलंय. आम्ही दोघी तिला लेस्टरच्याच हायफिल्ड्स भागात बिर्याणी खायला घेऊन गेलो. ईदीही दिली, पाच पौंड, पाकिटात घालून.

दापोलीकर टॅक्सीवाले

भाजणीताई, सलाम तुम्हाला.

मी जरा अभद्र विषय काढतो. आमच्या मशिदीत एक गोरे चाचा होते, वीस वर्षं नमाजेच्या पहिल्या रांगेत. एका आठवड्यात दिसले नाहीत. दोन आठवडे दिसले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात कळलं की वारले, आणि घरच्यांनी दहन केलं. मुलगा भला माणूस. आमच्यापुढे रडला. म्हणाला, बाबांनी लिहून ठेवलं असतं तर मी कशाला नाही म्हटलं असतं? इंग्लंडात मयताचं काय करायचं हा निर्णय मृत्युपत्रात ज्याला कार्यवाह (एक्झिक्युटर) नेमलंय त्याच्या हातात असतो. मृत्युपत्रच नसेल तर जवळचे नातलग ठरवतात. चाचांनी आम्हाला शंभरदा चहा पाजला, पण हा कागद करा असं आमच्यातल्या एकाने त्यांना सांगितलं नाही.

त्या दिवसापासून नवीन माणूस आला की पहिल्या महिन्यातच मी मृत्युपत्राचं विचारतो. लोक हसतात, म्हणतात बिचाऱ्याला आधी नमाज तर शिकू दे. हसू देत. वोकिंगजवळ ब्रुकवुडचं कब्रस्तान आहे. लिव्हरपूलचे वकील अब्दुल्ला क्विलियम, जे १८८७ साली मुसलमान झाले, ते तिथे आहेत. इंग्रज लेखक मार्माड्यूक पिकथॉलही तिथेच. कोणी सवारी तिकडची मिळाली की मी फातिहा पढून येतो. चाचांसाठीही तिथेच पढतो, त्यांची कबर नाही ना.

गिरगावचा म्हातारा

पिकथॉलचं नाव निघालं म्हणून अवांतर. १९१७ साली त्यांनी लंडनमध्ये इस्लाम जाहीर केला आणि १९२० साली आमच्या मुंबईत आले, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक म्हणून. पुढे हैदराबादला निजामाकडे. त्या नोकरीत असतानाच कुराणाचं इंग्रजी भाषांतर पुरं केलं, ते १९३० साली छापून निघालं. नौमुस्लिमाला, म्हणजे नव्या मुसलमानाला, मिठी मारणारे खूप. पिकथॉलना लोकांनी टेबल दिलं, काम दिलं, पगार दिला. बाकी चालू द्या.

रात्रपाळी

बर्मिंगहॅमला नर्स आहे. माझ्या वॉर्डातल्या मैत्रिणीचं लिहिते, तिला विचारून.

कलमा पढून पाच आठवडे झाले नाहीत तोवर तिला तीन स्थळं आली. मशिदीतल्या बायकांना वाटे, एकटी आहे, घर मिळालं की स्थिर होईल. निकाहाला मुलीच्या बाजूने वली, म्हणजे पालक, लागतो. हिचे वडील ख्रिश्चन, म्हणून इमामसाहेब वली झाले. माझ्या वडिलांनी माझ्या नवऱ्याच्या पगाराची, पत्रिकेची, चुलत्याच्या दारूची चौकशी केली होती. इमामसाहेबांनी मेहेर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) किती ते विचारलं, संपलं. निकाह बैठकीच्या खोलीत झाला, सरकारी नोंदणी नाही. दीड वर्षाने तो माणूस निघून गेला. वकिलाकडे गेल्यावर कळलं की कायद्याच्या लेखी तिचं लग्नच झालेलं नाही, त्यामुळे घटस्फोटही नाही आणि पोटगीही नाही. २०२० साली अपील न्यायालयानेही अशाच एका प्रकरणात हेच म्हटलं होतं.

ती अजून मुसलमान आहे, बरं का. नमाज चुकवत नाही. पण म्हणते, मला अरबी उच्चार शिकवायला दहा जणी होत्या, रजिस्ट्रारचं ऑफिस कुठे आहे हे सांगायला एकही नव्हती.

सुरंगी

रात्रपाळी, हे वाचून दोन दिवस लिहिलं नाही. आमच्याकडेही एक असं लग्न मीच जुळवलंय. नोंदणीचं मीही विचारलं नव्हतं. आज फोन करते.

देऱ्यातला मालवणी

दुबईत चित्र वेगळं. इथे सरकारी केंद्रात शहादा, म्हणजे कलमा पढल्याची साक्ष, नोंदवतात, दाखला मिळतो, वर्गही असतात. आमच्या हॉटेलातली फिलिपिनो पोरगी मुसलमान झाली. त्यांच्यात अशांना 'बालिक इस्लाम' म्हणतात, बालिक म्हणजे परतणं. माणूस जन्मतः त्याच वाटेवर असतो, फिरून घरी आला, असा अर्थ. तिची अडचण एवढीच की खोलीत सहा जणी, दोन पलंगांमधल्या फटीत मुसल्ला, म्हणजे नमाजची चटई, जेमतेम मावायचा आणि सजद्यात डोकं सुटकेसला लागायचं. शेवटी मी स्टोअरची चावी दिली. मॅनेजरला अजून माहीत नाही. नाव बदलायची काही सक्ती नाही हे तिला कळलं तेव्हा भलती खूश झाली, आईने ठेवलेलं नाव होतं.

मोदकपात्र

मी पुण्याची, वय ६४. लिहावं की नाही असं करत आठवडा गेला.

माझा मुलगा टोरांटोला असतो. सहा वर्षांपूर्वी फोनवर त्याने सांगितलं. मी म्हटलं, जेवलास का? दुसरं काही सुचलंच नाही. यजमान आठ महिने त्याच्याशी बोलले नाहीत. फोन आला की माझ्या हातात द्यायचे आणि गॅलरीत जायचे. मलाही राग होता, खोटं कशाला बोलू. आम्ही काय कमी केलं, हे मनातून जात नव्हतं. तिकडे त्याला कोण भेटलं, कोणी जेवायला बोलावलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. भाजणीताईंचं वाचून आज पहिल्यांदा वाटलं, विचारायला हवं होतं.

गेल्या भाद्रपदात तो आला. आधीच म्हणाला, आई, देवाला दाखवलेलं मला चालणार नाही. मोदक तर त्याचा जीव. आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी चव घेत नाही. गुरुजींना विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं. मीच ठरवलं. उकड एकच, सारण एकच. पहिल्या घाण्यातले एकवीस ताटात गेले, नैवेद्य झाला. दुसरा घाणा मोदकपात्रातच झाकून ठेवला, त्याला देवापुढे नेलंच नाही. आरतीच्या वेळी तो आतल्या खोलीत बसला. टाळ्यांचा आवाज एका माणसाने कमी होता, तो मला ऐकू येत होता. मग आला, पाटावर बसला आणि अकरा खाल्ले. तूप वाढताना मी मोजत होते.

संध्याकाळी त्याने नमाजसाठी जुनी सतरंजी मागितली. आमच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला टीव्ही आहे. तो कोपऱ्यात जरा तिरका उभा राहायला लागला. यजमान खुर्चीत बसले होते, मॅच चालू होती, शेवटची दोन षटकं. काही बोलले नाहीत. उठले, टीव्ही बंद केला, सोफ्यावरची चादर काढून त्याच्यावर टाकली आणि गॅलरीत न जाता तिथेच बसून राहिले.