सायनससाठी दवाखान्यातच फुगा: हा पर्याय आधी सुचवावा का?

धागालेखिका:
तीन वर्षे माझा डावा गाल ठणकत होता. फवारा, मिठाच्या पाण्याने नाक धुणे, प्रतिजैविके, सारे करून झाल्यावर गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या खुर्चीतच बलून सायनुप्लास्टी करून घेतली. नाकात बधिर करणाऱ्या औषधाचे बोळे ठेवले, दुर्बिणीतून पाहत बारीक तार गालाच्या हाडातल्या पोकळीत, म्हणजेच सायनसमध्ये, सरकवली आणि तिच्यावरून नेलेला फुगा काही सेकंद फुगवला. त्या वेळी पातळ हाड कडकडल्याचा आवाज थेट डोक्यात ऐकू आला, दाब जाणवला, पण कळ आली नाही. त्याच दुपारी घरी येऊन वरणभात जेवले. पूर्ण भूल ज्यांना झेपत नाही, त्यांना तरी हा पर्याय आधी सुचवला जावा.

प्रतिसाद १:
आपल्याला आराम पडला याचा आनंद आहे, परंतु ‘आधी’ या शब्दाला माझा ठाम विरोध आहे. फुगा सायनसचे तोंड रुंद करतो, आतले काही काढत नाही. माझ्या भावाच्या नाकात पॉलिप, म्हणजे अस्तराच्या मऊ गाठी, असतानाही त्याला हाच उपाय सुचवला गेला आणि सहा महिन्यांत दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी लागली. दोन्ही खर्च आम्हीच सोसले. डोळ्यांच्या मधल्या एथमॉइड पोकळ्या म्हणजे लहान कप्प्यांचे पोळेच, तिथे एकटा फुगा पुरत नाही. बुरशीचा गोळा असेल किंवा दाढेच्या मुळातून पू चढत असेल, तर मूळ कारणच दूर करावे लागते.

धागालेखिका:
भावाच्या बाबतीत चूक निवडीची झाली, हे मान्य. माझा सीटी स्कॅन आधी झाला होता, त्यात पॉलिप नव्हते आणि फक्त गालाच्या पोकळीचे तोंड बुजले होते. अशाच मर्यादित आजाराच्या रुग्णांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत फुगा शस्त्रक्रियेपेक्षा कमी ठरला नाही आणि रुग्ण लवकर सावरले.

प्रतिसाद २:
मग वाद फुग्याचा नसून स्कॅनचा आहे. माझ्या आईची अर्धशिशी कित्येक वर्षे ‘सायनस’ म्हणूनच घरात नांदली. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या सहमतीपत्रात स्पष्ट म्हटले आहे की, सायनसच्या आजाराचे निकष पूर्ण होत नसतील तर केवळ डोकेदुखीसाठी फुगा वापरू नये. बारा आठवड्यांहून जुना त्रास आणि स्कॅनमध्ये दिसणारा आजार, हे दोन्ही नसताना कोणी खुर्चीत बसवू लागले, तर सरळ उठून दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.