मुलांना सोबत घेऊन केलेली सेवा: तुमचे अनुभव सांगा

माझी मुलगी साडेचार वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिला घेऊन एका बालगृहात गेलो. वह्या, रंगपेट्या, खेळणी सगळं तिच्या हातून वाटलं. आपल्याकडे किती आहे याची तिला जाणीव व्हावी, एवढाच हेतू. मी तिच्या कानात म्हणाले, "बघ, यांना आईबाबा नाहीत. तू किती नशीबवान आहेस." परतताना ती गप्प होती. रात्री झोपताना विचारलं, "तू आणि बाबा मेलात तर मलाही तिथेच ठेवतील ना?"

पुढचे तीन आठवडे ती मला नजरेआड होऊ देत नव्हती. कृतज्ञता शिकवायला गेले आणि भीती देऊन आले. तरीही तिला सोबत घेऊन काही करावं ही इच्छा जात नाही. ज्यांनी तीन ते आठ वर्षांच्या मुलांना घेऊन असं काम केलंय त्यांनी सांगा: नेमकं काय केलंत? मुलांना काय झेपलं, काय नाही? फसलेलंही सांगा, मला त्याचीच जास्त गरज आहे.

*

तुमच्या लेकीचा प्रश्न वाचून गलबलून आलं. आमचा अनुभव मोठा आहे, पण सगळा सांगतो.

मी दर रविवारी एका वृद्धाश्रमात जातो. कुणाची पत्रं लिहून दे, कुणाचा अर्ज भर, असं काम. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता, नुकताच वाचायला लागलेला. जोडाक्षर आलं की अडायचा, आणि अडला की पुस्तक मिटून टाकायचा. घरी आम्हा दोघांना धीर धरवत नसे. शब्द पुरा व्हायच्या आत आम्हीच तो सांगून मोकळे व्हायचो. एका रविवारी त्याला बरोबर नेलं. तिथल्या एका आजींना दिसत नव्हतं. त्या म्हणाल्या, "वाच रे बाळा, मला कुठे जायचंय?" एका शब्दावर तो कितीतरी वेळ अडला. आजी थांबल्या. तो शब्द त्याला आला तेव्हा त्या म्हणाल्या, "हं, पुढे?"

असं आठ महिने चाललं. अर्ध्या तासाहून जास्त बसायचं नाही, पुस्तक त्यानेच निवडायचं, आणि कंटाळा आला तर ते आजींना त्यानेच सांगायचं, मी नाही, असं ठरलं होतं. सर्दी-खोकला असेल तर रविवार चुकवायचा, हे मात्र मी ठरवलं. मुलांचा साधा खोकला आजींच्या वयात जिवावर बेतू शकतो.

मग एका रविवारी पलंग रिकामा होता. निघण्याआधी फोन करून विचारायला हवं होतं, ते मला सुचलं नव्हतं. आता दर शनिवारी संध्याकाळी न चुकता करतो. तो म्हणाला, "पण गोष्ट अर्धीच राहिली." बाहेरच्या बाकावर बसून त्याने उरलेली पानं मोठ्याने वाचली. मी मध्ये एकही शब्द सांगितला नाही. पुढचे दोन रविवार तो आला नाही, मीही आग्रह केला नाही. तिसऱ्या रविवारी माझ्याआधी बूट घालून दारात उभा होता.

*

माझा फसलेला प्रयोग. मुलगी पाच वर्षांची. बागेतला कचरा उचलला की एक चांदणी, शेजारच्या आजोबांच्या कुंड्यांना पाणी घातलं की एक, पाच चांदण्यांना बक्षीस. महिनाभर घरात उत्साह नुसता ओसंडत होता. मग ती विचारायला लागली, "याला किती चांदण्या?" कमी वाटल्या तर नको म्हणायची.

नंतर कळलं की यावर अभ्यास झालेला आहे. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिलं, की दीड वर्षाची मुलंही अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू कुणी न सांगता उचलून देतात. २००८ मध्ये त्यांनी वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल बक्षीस म्हणून वस्तू देऊन पाहिली. ती मुलं पुढे कमी मदत करायला लागली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, त्यांची मदत तशी घटली नाही. म्हणजे जे तिच्यात आधीपासून होतं त्यावरच मी चांदण्या चिकटवत बसले होते. तक्ता काढून टाकला. दोन महिने ती कशालाच हात लावेना. ते मला फार जड गेलं, पण मी माझं काम करत राहिले. आता कुंड्यांना पाणी घालायला निघाले की कधी येते, कधी येत नाही. आली की आजोबांशीच गप्पा मारत बसते.

*

भटक्या प्राण्यांच्या निवारा केंद्रात जायचा विचार असेल तर आधी वयाची अट विचारून घ्या. लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी प्राणी हाताळू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. माझ्या जुळ्यांनी जुन्या चादरी फाडून, घड्या घालून अंथरुणं तयार केली. चार वर्षांच्या हातांना ते मस्त जमतं. कचरा उचलायला नेत असाल तर हातमोजे घाला आणि काच, सुया, धारदार काही दिसलं की हात न लावता मोठ्यांना हाक मारायची, हे निघायच्या आधीच पक्कं करा.

*

वर अभ्यासाचं निघालंच आहे म्हणून. लारा अकनिन, किली हॅम्लिन आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१२ च्या अभ्यासात दोन वर्षांच्या आतली मुलं स्वतःच्या वाटणीचा खाऊ देताना जास्त खूश दिसली. दुसरीकडून आलेला तसाच खाऊ देताना तेवढी नाही. ते वाचलं आणि मुलाची खेळणी त्याच्या नकळत पिशवीत भरणं मी सोडून दिलं. आता निवड त्याची, आणि विचार करायला एक रात्र. गेल्या वेळी एकच गाडी निघाली, पण चालणारी, चारही चाकं असलेली.

*

मी दुसऱ्या बाजूने लिहिते आहे. सात ते सोळा वर्षांची होईपर्यंत मी अशाच एका संस्थेत वाढले. लोक मुलांना घेऊन यायचे. आम्हाला रांगेत बसवायचे, त्यांची मुलं वस्तू द्यायची, फोटो निघायचा. "बघ, तू किती नशीबवान" हे वाक्य आम्हाला ऐकू यायचं. कानात सांगितलं तरी यायचं. ताई, तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुम्ही ते उघडपणे सांगितलंत म्हणून मलाही हे सांगावंसं वाटलं.

एक काका मात्र महिन्यातून दोनदा त्यांच्या मुलीला घेऊन यायचे, काहीही न आणता. पत्त्यांचा जोड तेवढा असायचा. ती सहाएक वर्षांची असेल. आम्हाला तिचं नाव माहीत होतं आणि तिला आमची सगळ्यांची. येणार म्हटलं की ते यायचेच, आणि जमणार नसेल तर निरोप पाठवायचे. वाट पाहण्यात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना या निरोपाची किंमत कळेल.

हरली की ती रडायची. मग आम्ही मोठ्या मुली आपसात ठरवून, तिला कळू न देता, एखादा डाव तिला जिंकू द्यायचो.