शब्दचर्चा : 'कम्प्रेस' झालेली आरती सुधारते की सावरते?

प्रश्न (फोंडा) : चवथीला आमच्या वाड्यावर झालेल्या घुमट आरतीची (घुमट हे मातीचं तालवाद्य) आता फक्त १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटची, एमपीथ्री हाती आहे. रेकॉर्डिस्ट म्हणतो, "कम्प्रेशन जास्त झालंय." लगेच म्हणतो, "मास्टरिंगला, म्हणजे शेवटच्या सफाईला, थोडं कम्प्रेशन लावू." रोग आणि औषध एकच कसं? मराठीत 'संपीडन' म्हणू का?

उत्तर (म्हापसा) : या दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत. एमपीथ्रीतलं कम्प्रेशन माहितीचं. सीडीच्या आवाजाला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात, ते १२८मध्ये बसवायचे. मोठ्या आवाजाखाली झाकलं जाणारं बारीकसारीक कानाला कळत नाही, म्हणून एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम) ते ढोबळ नोंदतो किंवा टाकूनच देतो. १६ किलोहर्ट्झच्या वरचं (अगदी उंच पट्टीचं) तर या दराला बहुधा उडालेलंच असतं. मास्टरिंगमधलं कम्प्रेशन पातळीचं : मोठा आवाज खाली ओढायचा, मग सगळंच थोडं वर उचलायचं. त्यानं फाइल लहान होत नाही. मी पहिल्याला 'काटछाट' आणि दुसऱ्याला 'आवळणं' म्हणतो. 'दाबणं' नको, आवाज दाबण्याचा अर्थ मराठीत निराळाच आहे.

डिचोली : 'संपीडन'ही नको. शाळेत ध्वनिलहरींच्या धड्यात संपीडन आणि विरलन शिकलोय, तिथे हवेचे कण जवळ येण्याला ते नाव आहे. 'काटछाट' चालेल, पण कुणाला ते क्लिपिंग (पातळी मर्यादेबाहेर गेल्यानं आवाजाची शिखरं कापली जाणं) वाटेल.

म्हापसा : क्लिपिंगला आपण 'आवाज फाटला' म्हणतोच, तो शब्द पक्का आहे.

फोंडा : शब्द पटले. पण आरतीचं काय करू?

म्हापसा : आधी कासाळी (झांजा) ऐका. त्यांचा नाद पाण्याखालून आल्यासारखा सळसळत असेल. मग घुमटावरची एकच कडक थाप हेडफोनवर पुन्हा पुन्हा ऐका : थाप पडण्याच्या क्षणभर आधी एक बारीक फुसफुस येते. हा काटछाटीचा खास डाग, याला 'पूर्वपडसाद' म्हणता येईल. आता आवाज जोरात आवळलात तर थापेबरोबर ही फुसफुसही वर येते. म्हणून आवळणं अगदी हलकं ठेवा.

फाइल एकदाच २४ बिट डब्ल्यूएव्हीत (काटछाट न करणाऱ्या फाइल-प्रकारात) उघडा आणि सगळं काम त्यातच करा. मधेच एमपीथ्री काढलीत तर पुन्हा काटछाट होते. सळसळ ६ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास असेल तर तिथे एकदोन डेसिबल उतरवा. १६च्या वर इक्वलायझर (वेगवेगळ्या पट्ट्यांची पातळी बदलणारं साधन) चढवून उपयोग नाही, तिथे काही उरलेलंच नाही. एक्सायटर नावाच्या इफेक्टनं चमक येते, पण ती खालच्या सुरांवरून नव्यानं बनवलेली असते. लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर अडवणारं साधन) उणे १ डेसिबलवर ठेवा, कारण पुढच्या एन्कोडिंगमध्ये शिखरं थोडी वर उसळतात.

आणि हे सगळं करण्याआधी मंडळात प्रत्येकाला विचारा. शामेळ (घुमटाच्या साथीचं चर्मवाद्य) वाजवणाऱ्याच्या किंवा माइक लावणाऱ्याच्या फोनमध्ये मूळ रेकॉर्डिंग असू शकतं. सापडलं तर ते व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायला सांगा, म्हणजे फाइल आहे तशी येईल.

डिचोली : मग 'सुधारलं' म्हणायचं का?

म्हापसा : मूळ सापडलं तर खुशाल म्हणा. नाही सापडलं तर अपलोड करताना खाली 'एमपीथ्रीवरून सावरलेलं' असं लिहा, म्हणजे पुढे कुणी त्यालाच मूळ प्रत धरून पुन्हा आवळायला बसणार नाही.